टाटा मोबाईल २०७ ला बदली इंजिन : उद्यमबागेतील एका गॅरेजच्या कामाचा अभिप्राय

आमच्या १९९३ सालच्या टाटा मोबाईल २०७ पिकअपला बेळगावच्या उद्यमबागेतील एका गॅरेजने दुसरे इंजिन बसवून दिले. त्यानंतर गाडी एक अख्खा पावसाळा आणि रताळ्यांचा हंगाम चालली, त्यामुळे आता या कामाविषयी खात्रीने लिहिता येते. काम उत्तम झाले, खर्च अपेक्षेपेक्षा जास्त आला आणि वेळही बराच लागला. तरीही जुनी पिकअप राखू इच्छिणाऱ्या कोणालाही मी याच गॅरेजकडे पाठवीन, कारण बाजारातून आणलेले जुने इंजिन न उघडता, न मोजता, बाहेरून धुऊन-पुसून रंग मारून गाडीत टाकण्याची जी पद्धत आपल्या भागात सर्रास रूढ झाली आहे, ती तेथे पाळली जात नाही.

गॅरेजचे नाव येथे दिलेले नाही. तेथे एका वेळी दोनच गाड्या कामाला घेतात आणि नाव छापू नये अशी मेस्त्रींनी स्वतः विनंती केली आहे. खानापूर रस्त्याने तिसरे रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेत शिरल्यावर, जुन्या टाटा गाड्यांच्या इंजिनाचे काम कोण करते असे एखाद्या टर्नरला विचारले, की तो बरोबर त्या दारात नेऊन सोडतो.

२०७ ही गाडी टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९८८ साली बाजारात आणली. पुढे तिच्याच पायावर १९९१ ची सिएरा आणि १९९२ ची इस्टेट उभी राहिली, आणि तिचेच इंजिन १९९४ च्या सुमोलाही मिळाले. खेड्यापाड्यांत तिला आजही नुसते ‘टाटा मोबाईल’ म्हणतात. येळ्ळूर, उचगाव, कडोली या पट्ट्यात एके काळी बटाटा, रताळी, कोबी आणि मिरची बाजार समितीत पोहोचवणारी ही नेहमीची गाडी होती. शिडीसारखी मजबूत चासी, मागे पाट्यांच्या स्प्रिंग आणि साधे, कोठेही उघडता येणारे यंत्र, या गुणांवर ती टिकली. आता ती रस्त्यावर क्वचितच दिसते. ज्या शिल्लक आहेत त्यांचे पत्रे आणि चासी बहुधा शाबूत असतात, इंजिने मात्र थकलेली असतात, म्हणूनच बदली इंजिनाचा प्रश्न अनेक घरांत उभा राहतो.

आमच्या गाडीचे दुखणे नेहमीचेच वाटले होते. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येत होता, ऑइल कमी होत होते आणि जांबोटीच्या पुढे चढ लागला की तापमानाचा काटा वर सरकत होता. पूर्वीच्या एका गॅरेजने रिंगा आणि गॅस्केट बदलून गाडी परत दिली होती, पण काही महिन्यांतच रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले. उद्यमबागेतील मेस्त्रींनी हेड उतरवून ब्लॉक स्वच्छ धुतला, त्यावर भेग शोधण्याचा लाल डाय लावला, पुसला आणि वर पांढरा डेव्हलपर फवारला. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या भिंतीत केसासारखी लाल रेघ उमटली आणि आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली मेन बेअरिंगच्या दिशेने ठळक होत गेली. वरच्या बाजूची भेग धातूच्या टाक्यांनी शिवता येते आणि बेळगावसारख्या ओतकामाच्या शहरात ते काम जाणणारी माणसेही आहेत. परंतु भेग बेअरिंगच्या आधारापर्यंत गेलेली असेल तर तो ब्लॉक मालवाहू गाडीत पुन्हा घालू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुन्हा एकदा रिंगा घालून आमच्याकडून पैसे घेणे त्यांना सहज शक्य होते.

मग कोणते इंजिन घालावे हा प्रश्न आला. टाटांच्या या जुन्या इंजिनांचे क्रमांक सरळ असतात. पहिला आकडा सिलिंडरांचा आणि पुढचे दोन बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाच्या, मिलिमीटरचे, म्हणून ४८३ म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मिलिमीटर असल्याने क्षमता १९४८ सीसी होते. ४०७ टेम्पोचे ४९७ इंजिन ९७ मिलिमीटर बोअरचे आणि २९५६ सीसीचे आहे. वडिलांची इच्छा हेच मोठे इंजिन घालण्याची होती, कारण घाटात ओझे ओढायचे आहे आणि कंपनीने स्वतःच पुढे २०७ डीआय या गाडीत ते दिले होते. मला १९९८ च्या सफारीतील १९४८ सीसीचेच, पण टर्बो असलेले इंजिन बरे वाटत होते. मेस्त्रींनी दोघांचेही ऐकून घेतले आणि वडिलांना म्हणाले, “काका, बसवायला कायबी बसंल ओ. पण मागं गिअरबॉक्स, जॉइंट आणि हौसिंग जुनंच ऱ्हाणार. ते किती दिस टिकंल ह्याची हमी मी देऊ शकत न्हाई.” मोठ्या इंजिनाचे वजन पुढच्या सस्पेन्शनवर येते, टर्बोला जास्त थंडावा आणि अधिक काटेकोर ऑइल लागते, आणि शिवाय नोंदणीची कागदपत्रे अडचणीत येतात, हे त्यांनी पुढे नीट उलगडून सांगितले. शेवटी गाडीला मुळात होते तेच ४८३, टर्बो नसलेले इंजिन घालायचे ठरले. हा सल्ला किती योग्य होता ते गाडी चालवताना रोज जाणवते.

इंजिन मिळाले ते कोल्हापूर जिल्ह्यात अपघात झालेल्या एका सुमोचे. गाडीला मागून धडक बसली होती, त्यामुळे पुढचा भाग शाबूत होता. बहुतेक गॅरेजांत येथेच काम संपते. इंजिन स्टँडवर सुरू करून दाखवतात, आवाज ऐकवतात, आणि दुसऱ्या दिवशी ते गाडीत बसलेले असते. येथे ते संपूर्ण उघडले गेले. संप (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) काढल्यावर मेस्त्रींनी बेअरिंगचे शेल, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, एकेक करून ‘तरुण भारत’च्या पानावर क्रमाने मांडले, प्रत्येकाच्या खाली पेन्सिलीने जागा लिहिली, आणि झीज कोठे सारखी आहे व कोठे एका कडेला आहे ते आम्हाला बोटाने दाखवले. चौथ्या सिलिंडरच्या बिगएंड शेलवर राखाडी थर जाऊन तांब्याचा रंग दिसू लागला होता. सुरू करून ऐकवले असते तर हे इंजिन निर्दोष वाटले असते, आणि पुढच्या हंगामात चोर्ला घाटात भरलेल्या गाडीसह त्याने आम्हाला उभे केले असते. या एका गोष्टीसाठी मी त्या गॅरेजला पूर्ण गुण देतो.

मोजमापाचे काम मी शेजारी बसून पाहिले. क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) दोन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मायक्रोमीटरने मोजले गेले, कारण जर्नल नुसते झिजलेले असणे वेगळे आणि लंबगोल झालेले असणे वेगळे. लंबगोल जर्नलवर नवे शेल घातले तरी ऑइलचा थर टिकत नाही. बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये आणि खाली तपासले. आकडे खडूने ब्लॉकच्या बाजूवर लिहिले आणि मग वहीत उतरवले. क्रँक पहिल्या अंडरसाईजला, म्हणजे पाव मिलिमीटर खाली घासायचे ठरले आणि सिलिंडरला बोअरिंग न करता होनिंगवर, म्हणजे आतून हलक्या घासणीवर, भागले. हेडची पातळी सरळपट्टी व फीलर गेजने पाहून हलके फेसिंग केले. क्रँक घासण्याचे काम जवळच्याच एका शेडमध्ये झाले. क्रँकशाफ्ट घडवणारे कारखाने ज्या शहरात आहेत तेथे या कामासाठी पुण्याला पाठवण्याची गरज पडत नाही, ही आपल्या बेळगावची मोठी सोय आहे, आणि तिचा पुरेसा अभिमान आपण बाळगत नाही असे मला मनापासून वाटते. ग्राइंडर कन्नड बोलणारे होते, मेस्त्री मराठी, आणि दोघांची सगळी बोलणी मापांत चालली होती. क्रँक परत आल्यावर मेस्त्रींनी ते पुन्हा मोजले आणि ऑइलची छिद्रे तारेने व डिझेलने धुऊन काढली. घासलेल्या धातूचा कीस त्या छिद्रांत राहिला तर नवे बेअरिंग पहिल्याच तासात खराब होते.

डिझेल पंप आणि इंजेक्टर वेगळ्या पंपवाल्याकडे कॅलिब्रेशनला गेले. ४८३ मध्ये डिझेल थेट सिलिंडरात न जाता हेडमधल्या प्रीचेंबरमध्ये पेट घेते, त्यामुळे सकाळच्या थंडीत हीटर प्लग चांगले नसतील तर गाडी सेल मारून मारून बॅटरी उतरवते. चारही प्लग नवे घातले. टायमिंगचे सर्व सामान, पाण्याचा पंप, ऑइल सील आणि होज पाइपही नवे आले. इंजिन बाहेर असताना जे काम हजारात होते तेच नंतर गाडी उघडून करायचे तर दुप्पट मजुरी पडते, हे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते.

बसवणीत विशेष सांगण्यासारख्या गोष्टी तीन. सुमोच्या इंजिनावरील एसी कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट उतरवून आमच्या जुन्या इंजिनाचे माउंटिंग ब्रॅकेट आणि संप त्यावर चढवले, त्यामुळे चासीवर कोठेही कापाकापी किंवा वेल्डिंग करावे लागले नाही. क्लच प्लेट मध्यावर आणण्यासाठी एका मोडीत निघालेल्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट वापरला, फ्लायव्हीलचे फेसिंग केले आणि पायलट बेअरिंग बदलले. म्हणूनच चेन ब्लॉकवरून इंजिन खाली उतरताना ते गिअरबॉक्सला कोणतीही हाणामारी न करता जाऊन भिडले. तिसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी खोड आहे, आणि आमच्याही गाडीतून तो पूर्वी केव्हातरी गायब झालेला होता. थर्मोस्टॅट नसला की डिझेल इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, थंड इंजिनात सिलिंडर जास्त झिजतात, डिझेल जास्त जळते, आणि मूळ दोष, म्हणजे क्षाराने तुंबलेला रेडिएटर, झाकला जातो. मेस्त्रींनी नवा थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या भांड्यात टाकून तो उघडतो हे दाखवले आणि मगच बसवला. रेडिएटर उघडून त्याच्या नळ्या साफ केल्या. बोअरवेलच्या पाण्याऐवजी कूलंट घालण्याची सक्त ताकीद दिली, आणि ती आम्ही पाळत आहोत.

इंजिन सुरू करण्यापूर्वी त्यांनी तात्पुरते यांत्रिक प्रेशर गेज जोडले आणि डिझेल बंद ठेवून ऑइलचे प्रेशर दिसेपर्यंत सेल मारला. सुरू झाल्यावर, गरम इंजिनाला आयडलवर दीड किलोच्या वर प्रेशर टिकले. कॉम्प्रेशनचे चारही आकडे एकमेकांपासून दोन बारच्या आत होते, आणि ते बॉनेटच्या आतल्या बाजूला त्यांनी मार्करने लिहून ठेवले आहेत, म्हणजे पुढे कोणीही तपासले तर तुलना करता येईल. नव्या रिंगा बसण्यासाठी गाडी नुसती उभी करून तासन्‌तास चालू ठेवू नये, तर हलके ओझे देऊन वेग कमी-जास्त करत चालवावी, असे त्यांनी सांगितले. पहिल्या पाचशे किलोमीटरला ऑइल व फिल्टर बदलला. निघालेले ऑइल स्वच्छ पत्र्यावर पसरून त्यात धातूची चमक आहे का हे त्यांनी उन्हात धरून पाहिले.

पहिली कसोटी राजहंसगडाच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, रिकाम्या गाडीने झाली. खरी परीक्षा पुढे भाजीपाला भरून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला मार्गे गोव्याला जाताना झाली. बेळगावची भाजी गोव्याला जाते ती बहुतांशी याच रस्त्याने, आणि पावसाळ्यात कणकुंबीच्या परिसरात पाऊस इतका कोसळतो की वेग आपोआप उतरतो. परतीच्या चढावर ओझे नव्हते, पण दाट धुक्यात खालच्या गिअरला सतत चालवूनही तापमानाचा काटा मध्याच्या पुढे गेला नाही. १९४८ सीसीच्या टर्बो नसलेल्या इंजिनाकडून चढावर धावण्याची अपेक्षा ठेवू नये. ते सावकाश, पण न दमता चढते. सरासरी पूर्वी लिटरला नऊच्या आसपास होती, ती आता बाराच्या जवळ गेली आहे. धुराच्या तपासणीत भारत स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिजची (धुराच्या दाटपणाचे एकक) मर्यादा आहे, आमच्या गाडीचा आकडा ३८ आला.

आता कागदपत्रे, कारण येथे लोक सर्वाधिक दुर्लक्ष करतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील (आरसीतील) तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. इंजिन बदलण्यासाठी नोंदणी अधिकाऱ्यांची मान्यता घ्यावी लागते, आणि मान्यतेविना ते बदलले गेले असेल तर चौदा दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. आमची गाडी केए-२२ ची, म्हणजे बेळगावची, आणि इंजिन सीमेपलीकडच्या गाडीचे, त्यामुळे कोठून आले याचा पुरावा अधिकच महत्त्वाचा होता. मेस्त्रींनी इंजिन घेण्याआधीच विक्रेत्याकडून इंजिन क्रमांक लिहिलेली पावती, त्या सुमोच्या आरसीची प्रत आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागून घेतला. ज्याच्याकडे हे कागद नव्हते असे, वीस हजारांनी स्वस्त पडणारे एक इंजिन त्यांनी आमच्यासमोर नाकारले. कार्यालयातील कन्नड अर्ज भरण्यासाठी त्यांनी आपला मुलगा सोबत पाठवला, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्या पिढीतील माणसाला ही मदत किती मोलाची असते हे सीमाभागातील वाचकांना वेगळे सांगायला नको. इंजिन मूळचेच, त्याच बनावटीचे असल्याने तपासणीत प्रश्न उद्‌भवला नाही, आणि नवा क्रमांक आरसीवर चढला. त्यानंतर विमा कंपनीलाही तो कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्यावी, नाहीतर अपघाताच्या दाव्यात इंजिन क्रमांकाचा घोळ उभा राहतो.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि खासगी वापराची आहे, म्हणजे साठच्या दशकातील विलीज जीपसारखी, त्यांनी मात्र इंजिनाला हात लावण्यापूर्वी थांबावे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडीच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. आमच्या गाडीला हा प्रश्न लागू नव्हता.

या गॅरेजविषयी माझ्या तक्रारीही आहेत. ठरलेली तारीख दोनदा पुढे गेली आणि उशीर होणार हे त्यांनी स्वतःहून कळवले नाही, प्रत्येक वेळी आम्हालाच जाऊन विचारावे लागले. ऐन हंगामात भाड्याच्या टेम्पोवर झालेला खर्च मी या कामाच्या खर्चातच धरतो. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. एवढ्या काटेकोरपणे इंजिन बांधणाऱ्या माणसांनी डिझेलची टाकी उतरवून धुतली नाही. तीस वर्षांच्या टाकीतील गंज आणि गाळ काही आठवड्यांत फिल्टरमध्ये आला, उचगाव रस्त्यावर गाडी दम तोडू लागली, आणि नुकताच कॅलिब्रेट केलेला पंप थोडक्यात वाचला. बोलावल्यावर ते त्याच दिवशी आले, टाकी विनामूल्य धुऊन दिली आणि एक जास्तीचा फिल्टर लाइनमध्ये बसवला, तरीही हे काम आधीच व्हायला हवे होते. कोणीही इंजिन बदलून घेत असेल तर टाकी धुणे कामाच्या यादीत लिहूनच द्यावे. तिसरी गोष्ट, सायलेन्सरचा एक ब्रॅकेट अजूनही खड्ड्यात खडखडतो.

एकूण खर्च एक लाख अठरा हजार रुपये आला. त्यात इंजिनाचे पंचेचाळीस हजार, क्रँक, हेड व होनिंगचे काम, पंप-इंजेक्टर, सर्व नवे सुटे भाग, क्लच आणि मजुरी धरलेली आहे. कार्यालयाचे शुल्क वेगळे. न उघडता इंजिन बसवून देणाऱ्या दुसऱ्या एका जागी आम्हाला सत्तर हजार सांगितले होते. बिल हाताने लिहिलेले, पण प्रत्येक भागाचा वेगळा उल्लेख असलेले आहे, आणि बदललेले सर्व जुने भाग पोत्यात भरून परत दिले गेले. हमी सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटरची आहे, मात्र ती कूलंट आणि ऑइल वेळेवर बदलल्याची नोंद असेल तरच लागू होते. जाणाऱ्यांनी फोनवर विसंबू नये, सकाळी दहाच्या आत प्रत्यक्ष जावे, सोबत आरसी आणि विम्याची प्रत न्यावी, आणि रताळी-बटाट्याच्या हंगामात गाडी हवी असेल तर ती उन्हाळ्यातच त्यांच्याकडे सोडावी.